पेट-सीटी विभागातला किरणोत्सर्गाचा डोस नेमका कुठून येतो आणि कसा कमी करायचा

एका पेट-सीटी (किरणोत्सर्गी औषध टोचून करायचा स्कॅन) केंद्रातल्या तरुण टेक्नॉलॉजिस्टने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "रोज बारा-चौदा रुग्ण असतात आणि आम्ही दोघेच टेक्नॉलॉजिस्ट आहोत. या तिमाहीत माझा टीएलडीचा (छातीवरच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या बॅजचा) रिपोर्ट २.५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचं एकक) आला, मागच्या तिमाहीच्या जवळपास दुप्पट. शिशाचा एप्रन मी न चुकता घालते. रुग्णाला द्यायच्या किरणोत्सर्गी औषधाचा डोस आम्ही कुपीतून हाताने काढतो, इंजेक्शनही हातानेच देतो. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. आत्तापर्यंत मिळालेल्या डोसने काही बिघडलं असेल का? आणि यापुढे तो कमी कसा करायचा?"

काळजीचा भाग आधी संपवू. नाही, काही बिघडलेलं नाही. तिमाहीला २.५ म्हणजे वर्षाला साधारण १० मिलिसिव्हर्ट. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. प्रजननक्षमतेवर कायमचा परिणाम व्हायला अंडाशयांवर एकदम हजारो मिलिसिव्हर्टच्या घरातला डोस पडावा लागतो. तुमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही. आधी मिळालेला बाहेरचा डोस शरीरात साठून राहत नाही, त्यामुळे पुढे राहणाऱ्या गर्भाला त्यातलं काही मिळत नाही. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या आई-वडिलांच्या मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला, आणि त्यांच्यात आनुवंशिक दोषांचं प्रमाण वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा मन शांत ठेवा.

पण १० मिलिसिव्हर्ट ठीक आहे असंही मी म्हणणार नाही. मर्यादेच्या आत असणं आणि शक्य तितकं कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्करोगाच्या धोक्याबाबत आपलं सगळं शास्त्र 'जितका डोस तितका धोका' हे गृहीत धरून चालतं. तुमच्यापुढे अजून तीसेक वर्षांची नोकरी आहे. त्यामुळे आज लागलेल्या सवयीचा परिणाम तीस वर्षांवर पडणार आहे.

आता तुमच्याच आकड्यांवरून एक गणित. रोज तेरा रुग्ण दोघांत वाटले, तर तुमच्या वाट्याला साडेसहा. तिमाहीत कामाचे ७५ दिवस धरले तर सुमारे ४९० रुग्ण होतात. २.५ मिलिसिव्हर्ट म्हणजे २५०० मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दर रुग्णामागे तुम्हाला साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. यापुढे हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा. तिमाहीचा एकूण आकडा रुग्णसंख्येवर हलतो आणि तुमच्या हातात फारसा नसतो. दर रुग्णामागचा डोस मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. माझ्या अनुभवात कामाचा क्रम नीट लावलेल्या विभागात तो दोन-अडीचपर्यंत येतो, तोही नवीन यंत्र न घेता.

हे ५ मायक्रोसिव्हर्ट येतात कुठून? बहुतेक जण हॉट लॅबकडे (किरणोत्सर्गी औषध ठेवायच्या आणि काढायच्या खोलीकडे) बोट दाखवतात, कारण कुपी तिथे असते, शिसं तिथे असतं, पिवळा-काळा फलक तिथे असतो. बोटांच्या बाबतीत ते खरं आहे, त्याकडे पुढे येतो. छातीवरच्या बॅजला मिळणारा डोस मात्र मुख्यतः इंजेक्शन झालेल्या रुग्णाकडून येतो. कुपीभोवती आपण पाच सेंटिमीटर शिसं उभं करतो. इंजेक्शन दिल्यावर तोच एफडीजी (पेटसाठी टोचायचं, एफ-१८ हा किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं साखरेसारखं औषध) एका माणसात असतो, त्याच्याभोवती काही नसतं, आणि आपण त्याच्या दंडाला धरून त्याला चालवत नेतो.

आकडे असे आहेत. १० मिलिक्युरी, म्हणजे ३७० मेगाबेक्वेरल (ही किरणोत्सर्गी औषधाच्या मात्रेची एककं) एफडीजी दिल्यावर लगेच रुग्णापासून एक मीटरवर डोसचा वेग ताशी ३० ते ३५ मायक्रोसिव्हर्ट असतो. अर्ध्या मीटरवर तो शंभराच्या पुढे जातो. दोन मीटरवर आठ-नऊ राहतो. दंडाला धरून दोन मिनिटं अपटेक रूमपर्यंत (इंजेक्शननंतर तासभर पडून राहायच्या खोलीपर्यंत) चालवलं, तर तेवढ्यातच चार-पाच मायक्रोसिव्हर्ट होतात. म्हणजे तुमचा दर रुग्णामागचा जवळपास सगळा डोस या दोन मिनिटांत बसू शकतो. एक तासानंतर, एफ-१८ चा किरणोत्सर्गी क्षय होऊन आणि रुग्ण लघवीला जाऊन आल्यावर, एक मीटरवरचा वेग २० च्या आसपास येतो.

यावर 'रुग्णापासून लांब राहा' हा सल्ला सोपा आहे, पण तो मला पटत नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण कर्करोगाच्या भीतीने आलेला असतो. पुष्कळदा लांबच्या गावाहून पहाटे निघालेला, उपाशी, कुणीतरी नीट बोलावं याची वाट पाहणारा. इंजेक्शन टोचून दार लावून घेणारा विभाग मला चांगला वाटत नाही. उपाय असा: त्याला द्यायचा सगळा वेळ द्या, पण इंजेक्शनच्या आधी. बोलणं, समजावणं, आधार देणं यातलं काही कमी करायचं नाही, फक्त पुढे ओढायचं.

प्रत्यक्षात ते असं करा. फाइल, जुने रिपोर्ट, संमतीपत्र, उंची-वजन, ग्लुकोमीटरवर साखर, मधुमेहाच्या गोळ्या, मागच्या केमोची तारीख, सगळं आधी. दागिने, कंबरपट्टा, करदोटा, मोबाइल, कवळी, सगळं आधी काढून घ्या आणि गाऊन घालायला लावा. स्वच्छतागृह दाखवा, एकदा जाऊन यायला सांगा. मग रुग्णाला ज्या खाटेवर किंवा खुर्चीवर तासभर पडून राहायचं आहे तिथेच कॅन्युला लावा आणि इंजेक्शनही तिथेच द्या. इंजेक्शनची एक खोली आणि विश्रांतीची दुसरी, अशी रचना असेल तर मधलं चालणं टेक्नॉलॉजिस्टच्या माथी येतं. बऱ्याच केंद्रांत ही रचना केवळ आधीपासून आहे म्हणून चालू असते. पांघरूण, पाण्याची बाटली, बेल हाताशी ठेवा. सलाईन सोडून शीर खात्रीची आहे ना ते पाहा. शीर फुटलेली आहे हे इंजेक्शन देताना कळलं तर तुमचा वेळ आणि डोस दोन्ही वाढतात, आणि स्कॅनही बिघडतो.

एक गोष्ट मी आवर्जून करायला लावतो, ती म्हणजे स्कॅनची तालीम. खाटेवर बसूनच हात डोक्यावर घ्यायला लावा, ते वीस मिनिटं तसे राहतील का विचारा, खांदा दुखतो का पाहा. "मी बाहेरून सांगेन तेव्हा उठायचं, बाणाच्या दिशेने स्वच्छतागृहात जायचं, मग समोरच्या दाराशी यायचं," हे रुग्णाकडून एकदा वदवून घ्या. नातेवाइकालाही ऐकवा. या तालमीला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं तुम्हाला शून्य डोसची आहेत. नंतर पोझिशनिंग करताना जी खटपट वाचते, ती ताशी साठ-सत्तर मायक्रोसिव्हर्टच्या क्षेत्रातली असते.

इंजेक्शन झालं, सलाईनने फ्लश झाला, की दोन वाक्यं बोलून बाहेर या. पुढचं बोलणं इंटरकॉमवर. कॅमेऱ्यावर लक्ष ठेवा, घाईत दर दहा मिनिटांनी डोकावू नका. रुग्णाने हाक मारली तर अर्थातच जायचं, पण दारापाशी उभं राहून बोलता येतं का ते आधी पाहायचं. स्कॅनच्या आधी मूत्राशय रिकामं करणं रुग्णाच्या भल्याचं आहेच, तुमच्याही भल्याचं आहे. पहिल्या तासात दिलेल्या मात्रेचा साधारण १५ टक्के भाग लघवीतून निघतो. टेबल, उशी, हाताचा आधार, पट्टे, सगळं रुग्ण आत येण्याआधी लावून ठेवा. कॉन्ट्रास्टसाठी कॅन्युला ठेवली असेल तर ती स्कॅन झाल्यावर शेवटी काढा. तोवर रुग्णातली मात्रा निम्म्याच्या खाली गेलेली असते.

चालता न येणाऱ्या रुग्णांचं काय? इथे डोस जास्त होणार हे मान्य करून आधीच माणसं ठरवा. उचलायला दोघांऐवजी चौघं असली तर काम पाऊण मिनिटात होतं. अशा रुग्णाला इंजेक्शनच्या आधीच ट्रॉलीवर घ्या, म्हणजे नंतरचं एक उचलणं वाचतं. जवळ थांबणं भागच असेल तर घरचा एखादा मोठा माणूस थांबू दे, गर्भवती स्त्री किंवा लहान मूल नको. त्याच्यासाठी तो एका दिवसाचा डोस असतो, तुमच्यासाठी तो रोजचा होतो.

आता हातांकडे. मला जास्त काळजी याची वाटते, कारण छातीवरचा बॅज हातांबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या प्रश्नात अंगठीच्या टीएलडीचा उल्लेख नाही, म्हणजे ती बहुधा वापरत नसाल. ती मागून घ्या. हाताने डोस काढणाऱ्या माणसाला ती हवीच. हातांच्या त्वचेची मर्यादा वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट आहे, आणि हा आकडा मोठा वाटतो म्हणून लोक निर्धास्त राहतात. युरोपात २००८ ते २०११ या काळात ओरॅमेड नावाचा प्रकल्प झाला. अनेक देशांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत बोटांच्या टोकांवर प्रत्यक्ष मोजमाप केलं गेलं. त्यात दिसलं की जवळपास पाचातला एक जण वर्षाची मर्यादा ओलांडण्याची शक्यता आहे. सर्वांत जास्त डोस सहसा ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला मिळतो, कारण सिरिंजचा पुढचा भाग आपण त्या हाताने धरतो. आणि टोकाचा डोस तर्जनीच्या मुळाशी मोजलेल्या डोसच्या सरासरी सहापट असतो. तेव्हा अंगठी डाव्या हाताच्या तर्जनीत घाला (डावखुरे असाल तर उजव्या), तिचा संवेदक तळहाताच्या बाजूला ठेवा, वरून हातमोजा घाला, आणि रिपोर्ट आला की त्याला सहाने गुणून पाहा.

सिरिंज शील्डबद्दल (सिरिंजवर चढवायच्या धातूच्या आवरणाबद्दल) नेहमीची तक्रार: टंगस्टनची शील्ड जड असते, आतलं नीट दिसत नाही, वेळ जास्त लागतो, मग फायदा काय? वेळ जास्त लागतो हे पहिल्या दोन आठवड्यांपुरतं खरं आहे. ५ मिलिमीटर टंगस्टन एफ-१८ मुळे निघणाऱ्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांचा साधारण तीन-चतुर्थांश भाग अडवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिरिंजच्या भिंतीतून बाहेर पडणारे पॉझिट्रॉन (एफ-१८ मधून निघणारे धनभारित कण) ते पूर्ण अडवतं, आणि बोट सिरिंजला टेकलेलं असताना त्वचेला मिळणाऱ्या डोसमध्ये पॉझिट्रॉनांचा वाटा मोठा असतो. म्हणून वेळ दुप्पट लागला तरी तुम्ही फायद्यातच राहता. वेळ वाढू नये म्हणून साध्या सलाईनमध्ये रंग टाकून सराव करा: कुपीतून काढणं, हवेचा बुडबुडा घालवणं, शील्ड चढवणं, कॅलिब्रेटरमध्ये (मात्रा मोजायच्या यंत्रात) सोडणं, थ्री-वेला (कॅन्युलाला लावलेल्या तिहेरी तोटीला) जोडणं. आठवडाभर रोज दहा मिनिटं. नवीन मुलांना मी या सरावाशिवाय हॉट लॅबमध्ये घेत नाही.

कुपी कधीही बोटांनी उचलायची नाही, लांब चिमटा वापरायचा. सिरिंज धरायची ती मागच्या टोकाला, द्रव असलेल्या भागावर बोट ठेवायचं नाही. एक-दोन सेंटिमीटर मागे सरकल्यानेही मोठा फरक पडतो. अंतर जितकं लहान, तितका प्रत्येक सेंटिमीटर मोलाचा. एल-ब्लॉक (ज्याच्या आडून डोस काढायचा तो शिशाचा अडसर) कोणता आहे तेही एकदा तपासा. काही विभागांत आधी फक्त गॅमा कॅमेरा होता, नंतर पेट आलं आणि हॉट लॅबमधलं शिसं तेच राहिलं. टेक्नेशियमला (गॅमा कॅमेऱ्याच्या तपासण्यांतल्या किरणोत्सर्गी पदार्थाला) पुरणारं सहा मिलिमीटर शिसं एफ-१८ ला जेमतेम निम्म्यावर आणतं. पाच सेंटिमीटर शिसं तेच हजाराव्या भागाच्या आसपास नेतं.

हातांच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे थेंब. थ्री-वे सैल राहिला, सुई काढताना एक बारीक थेंब हातमोज्यावर उडाला, आणि तोच मोजा घालून पुढची पंधरा मिनिटं काम चालू राहिलं, हे सर्रास होतं. एफ-१८ चा एक मेगाबेक्वेरल, म्हणजे एका रुग्णाच्या मात्रेचा तीनशेसत्तरावा भाग, त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर राहिला, तर साधारण पाव तासात तिथल्या त्वचेला ५०० मिलिसिव्हर्ट मिळतात. वर्षाची मर्यादा एका थेंबात. आणि अंगठी त्या थेंबापासून तीन सेंटिमीटर दूर असली तर तिला हे धड कळणारही नाही. म्हणून हातमोज्यांच्या दोन जोड्या घाला, प्रत्येक रुग्णानंतर वरची बदला, आणि हॉट लॅबच्या दाराशी मॉनिटर सतत चालू ठेवा. बाहेर पडताना हात त्यापुढे धरायचे, हे पाणी पिण्याइतकं सवयीचं व्हायला हवं.

आणखी एक ठिकाण आहे जिथे विचार न करता डोस वाढतो: मुळात दिलेली मात्रा. कित्येक केंद्रांत आजही प्रत्येक प्रौढाला १० मिलिक्युरी, हा ठोकताळा चालतो. तुमचा स्कॅनर टाइम-ऑफ-फ्लाइटचा (किरण पोचण्याच्या वेळेतला फरक मोजणारा) असेल तर किलोमागे ०.१ मिलिक्युरीवर चांगली प्रतिमा मिळायला अडचण नसावी. साठ किलोच्या रुग्णाला ६ मिलिक्युरी. रुग्णाचा डोस ४० टक्के कमी आणि तुमचाही तितकाच कमी, कुणाला काहीही वेगळं करावं न लागता. हा निर्णय डॉक्टरांचा आणि मेडिकल फिजिसिस्टचा आहे, पण विषय तुम्ही काढू शकता. एफडीजी महाग आहे, त्यामुळे व्यवस्थापनालाही हा मुद्दा लवकर पटतो.

सायक्लोट्रॉनपासून (एफ-१८ तयार करायच्या यंत्रापासून) लांबच्या केंद्रांची वेगळी अडचण आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झाला. आता अनेक ठिकाणी आहेत, तरी पुष्कळ शहरांत एफडीजी रस्त्यानेच येतो. एफ-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. चार तासांच्या प्रवासात मात्रा साडेचारपटीने उतरते, म्हणून निघताना तेवढी जास्त भरावी लागते, आणि उशीर झाला तरी पुरावी म्हणून थोडी आणखी. गाडी वेळेवर आली की सकाळी पहिली कुपी सर्वांत प्रखर असते आणि नेमकी तेव्हाच घाई असते. पहिले दोन-तीन डोस काढायला सर्वांत सरावलेला हात ठेवा. शिकाऊ मुलाला दुपारच्या डोसवर शिकवा.

एप्रनबद्दल स्पष्टच सांगतो, कारण तुम्ही तो निष्ठेने घालता. अर्ध्या मिलिमीटर शिशाचा एप्रन टेक्नेशियमच्या १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे तीन-चतुर्थांश अडवतो. ५११ ला तो दहा टक्केही अडवत नाही. पेटच्या कामात त्याने पाठ दुखते, हालचाल मंदावते आणि आपण सुरक्षित आहोत अशी समजूत होऊन माणूस रुग्णाजवळ जास्त वेळ थांबतो. तो काढून ठेवा. गॅमा कॅमेऱ्यावर काम असेल तेव्हा घाला, आणि तेव्हा बॅज एप्रनच्या आत लावा.

तुमच्याकडे गॅलियम-६८ (पेटसाठीचा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ) सुरू होणार असेल तर सिरिंज शील्डबाबत तडजोड नको. त्याच्या पॉझिट्रॉनांची कमाल ऊर्जा १.९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, एफ-१८ च्या तिप्पट. उघड्या सिरिंजच्या भिंतीतून ते सहज बाहेर येतात. ल्युटेशियम-१७७ सारखे उपचार सिरिंजने हाताने देऊ नयेत. शील्डमधल्या कुपीतूनच सलाईनच्या प्रवाहाने किंवा पंपाने द्यावेत. यिट्रियम-९० साठी आधी पर्स्पेक्स (जाड पारदर्शक प्लास्टिक), मग बाहेरून शिसं. थेट शिसं लावलं तर बीटा कणांमुळे त्यातच क्ष-किरण तयार होतात. आयोडीन-१३१ चं द्रव उघडायचं तर फ्यूम हूडमध्येच, कारण ते हवेत उडतं आणि श्वासातून आपल्या थायरॉइडपर्यंत पोचतं. शक्य तिथे कॅप्सूल घ्या. १०० मिलिक्युरी आयोडीन दिलेल्या रुग्णाजवळ एक मीटरवर पहिल्या तासांत वेग ताशी दीडशे-दोनशे मायक्रोसिव्हर्ट असतो, तेव्हा आयसोलेशन वॉर्डमधल्या नर्सना 'सगळं आधी समजवा' हा नियम पेटपेक्षाही जास्त लागू पडतो.

तुमचा डोस दुप्पट का झाला, याचं उत्तर तिमाहीच्या रिपोर्टमध्ये सापडणार नाही. तो येईपर्यंत नेमकं काय केलं हे कुणाला आठवत नाही. त्यासाठी पॉकेट डोसीमीटर (मिळालेला डोस लगेच दाखवणारं खिशातलं यंत्र) हवा. दोन आठवडे तो खिशात ठेवा आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी-नंतरचा आकडा वहीत लिहा: डोस काढणं, इंजेक्शन, अपटेक रूममध्ये जाणं, पोझिशनिंग, रुग्णाला उतरवणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळेल की बराचसा डोस एक-दोन टप्प्यांत जमतो आहे. तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्याचे आकडे शेजारी ठेवा. एकच काम करताना एकाला दुप्पट डोस मिळतो असं नेहमी दिसतं, आणि कमी डोसवाला काय वेगळं करतो ते पाहून शिकता येतं.

त्याआधी एक साधी शक्यता तपासा. बॅज ड्यूटीनंतर कुठे ठेवला जातो? हॉट लॅबच्या खुंटीला टांगलेल्या एप्रनवर राहिला असेल, अपटेक रूमच्या भिंतीमागच्या टेबलावर राहिला असेल, तर तो डोस तुमचा नाही. कंट्रोल बॅज (कुणी न घालता तुलनेसाठी ठेवलेला) किरणोत्सर्ग नसलेल्या जागीच आहे ना, हेही बघा. उलटा प्रकारही मी पाहिला आहे आणि तो फार वाईट: आकडा वाढू नये म्हणून बॅज कपाटात ठेवून काम करणं. कधी वरून सूचना येते, कधी माणूस स्वतःच नोकरीच्या भीतीने करतो. तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आज न नोंदवलेला डोस शरीराला मिळतोच, फक्त उद्या त्याचा कुठेही पुरावा राहत नाही.

रोटेशनविषयी. दोघांऐवजी तिघांत काम वाटलं की प्रत्येकाचा आकडा खाली येतो, आणि सगळ्यांना वाटतं डोस कमी झाला. विभागाचा एकूण डोस तितकाच राहतो. रोटेशन जरूर असावं, पण क्रम सुधारल्यानंतर. तेरा रुग्णांना दोन टेक्नॉलॉजिस्ट हे प्रमाण मला कमी वाटतं, ते डोसपेक्षाही घाईमुळे. थेंब सांडतात ते घाईत, शील्ड बाजूला राहते ती घाईत. व्यवस्थापनाकडे काही मागायचं असेल तर माझा क्रम असा: आधी दोन पॉकेट डोसीमीटर आणि अंगठ्या, मग प्रत्येकी एक चांगली टंगस्टन शील्ड, मग तिसरा माणूस, मग स्वयंचलित इंजेक्टर. इंजेक्टर हातांचा डोस खूपच कमी करतो, शक्य असेल तर घ्यावाच. पण तो येईपर्यंत काही करता येत नाही असं समजून बसू नये.

आणि विभागातल्या मावशी, वॉर्डबॉय, व्हीलचेअर ढकलणारे मामा यांना विसरू नका. इंजेक्शन झालेल्या रुग्णाला उचलायला, त्याची उलटी किंवा लघवी पुसायला त्यांनाच बोलावलं जातं, आणि अनेकदा त्यांच्या अंगावर बॅजही नसतो. जे नियमित या भागात काम करतात त्यांना बॅज आणि त्यांच्या भाषेत अर्ध्या तासाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. ही जबाबदारी आरएसओची (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची) आहे, पण कुणाला बॅज नाही हे रोज दिसतं ते तुम्हाला.

आता बाळाचं. नियोजन करताना काम सोडायची किंवा विभाग बदलायची गरज नाही. गर्भ राहिल्याचं कळलं की लगेच आरएसओ आणि विभागप्रमुखांना लेखी कळवा. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे. घरी ती पाळा, या दोघांना मात्र सांगा, आणि गुप्तता ठेवा अशी विनंती त्याच पत्रात लिहा. कळवल्यानंतर उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. तुमच्या आजच्या दराने, दर रुग्णामागे ५ मायक्रोसिव्हर्ट, हा आकडा बॅजवर दोनशे रुग्णांत होतो, म्हणजे साधारण सव्वा महिन्यात. आईचं शरीर काही भाग अडवतं, त्यामुळे गर्भाला मिळणारा डोस बॅजपेक्षा कमी असतो, तरी यावरून एवढं कळतं की पेटमध्ये इंजेक्शन आणि पोझिशनिंग त्या काळात तुम्ही करू नये. कन्सोल, प्रतिमांचं प्रोसेसिंग, अपॉइंटमेंट, रुग्णाची इंजेक्शनपूर्व तयारी आणि समुपदेशन ही कामं करता येतात. वर सांगितलेला क्रम विभागात रुळला असेल तर इंजेक्शनच्या आधीचं काम इतकं वाढलेलं असतं की एका माणसाला ते दिवसभर पुरतं. आयोडीनचं उघडं द्रव हाताळणं गरोदरपणात आणि अंगावर पाजत असेपर्यंत पूर्ण बंद, कारण तिथे प्रश्न आयोडीन शरीरात जाण्याचा आहे.

कामाचा हा बदल म्हणजे तुमच्यावर उपकार नाही. पगार, पद किंवा परतीची जागा यांवर त्याचा परिणाम होता कामा नये, आणि हे आत्ताच, गरज पडण्याआधी, आरएसओशी बोलून लेखी ठरवून घ्या. त्या बैठकीला जाताना दोन आठवड्यांच्या पॉकेट डोसीमीटरच्या नोंदी बरोबर न्या. कोणत्या टप्प्याला किती डोस मिळतो हे कागदावर असलं, की कोणतं काम तुमच्याकडे ठेवायचं आणि कोणतं दुसऱ्याला द्यायचं हे ठरवायला पंधरा मिनिटं पुरतात.